कुंपणाविना कुरण: कच्छमधल्या बन्नीचं प्रकरण

मे २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कच्छमधल्या बन्नीबद्दल निकाल दिला. या गवताळ प्रदेशावरची सगळी अतिक्रमणं सहा महिन्यांत हटवा, असा त्याचा गाभा. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणाचे निकाल आपल्याला नवे नाहीत. पण अशा खटल्यांत वन खातं फिर्यादी आणि गुरंवाले आरोपी असतात, तो प्रकार इथे उलटा होता. दाद मागायला गेली होती गुरं पाळणाऱ्यांचीच संघटना. तिची तक्रार होती नांगरलेल्या आणि काट्याकुट्यांनी वळलेल्या तुकड्यांबद्दल. ते तुकडे काही बाहेरच्यांचे होते, काही त्यांच्यातल्याच लोकांचे.

गुराखी माणूस आपल्याच भाऊबंदाच्या शेतीविरुद्ध न्यायालयात का जातो? 'कुरण वाचवायला' हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. कारण ज्या गोष्टींनी बन्नीतल्या माणसांच्या हाती पैसा आला, त्यांतूनच हे तुकडे पडायची सुरुवात झाली.

जागा आणि माणसं

भुजहून उत्तरेला निघालं की जमीन सपाट होत जाते आणि पुढे कच्छचं मोठं रण लागतं. त्याच्या अलीकडचा सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचा पट्टा म्हणजे बन्नी. नद्यांच्या गाळाची, खारी, जवळजवळ उतार नसलेली जमीन. वर्षाला सरासरी तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बेभरवशाचा. एका बाजूला पाणी तुंबतं, तर वीस किलोमीटरवर धूळ उडत असते. त्यामुळे गवत दरवर्षी वेगळ्या ठिकाणी येतं. कमी खाऱ्या भागात जिंजवो (आपल्याकडचं मारवेल) आणि धामण, खारटाणात लाणोसारखी मिठागरी झुडपं. पुढचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे: इथे गवताचा पत्ता कायम नसतो.

पाण्याचंही तसंच. जमिनीखालचं पाणी खारं. पावसाळ्यात सखल जागी, म्हणजे झिलांमध्ये, पाणी साठतं आणि मुरतं. ते गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. झील आटली की मालधारी तिच्या तळाशी उथळ विहिरी खणतात आणि लाकूड-गवताने कडा बांधतात. हे विरडे. एका विरड्याचं गोडं पाणी उपसून झालं की खालचं खारं वर येतं, मग शेजारी दुसरा खणायचा. कितीही खोल गेलं तरी जास्तीचं पाणी मिळत नाही, उलट खारं मिळतं. बोअरवेलवर वाढलेल्या आपल्या पिढीने हे एकदा तरी ऐकून ठेवावं.

इथले पशुपालक स्वतःला मालधारी म्हणवतात. माल म्हणजे गुरं. जत, मुतवा, हालेपोत्रा, रायसीपोत्रा, हिंगोरजा, सुमरा, नोडे अशा वीसेक समाजांची ही वस्ती बहुतांशी मुसलमान. बोली कच्छी, नातीगोती जुन्या काळापासून सिंधपर्यंत. त्यांच्या सोबतीला मेघवाळ आणि वाढा कोळी. मेघवाळांचा हात चामड्याच्या आणि भरतकामाच्या कामात, कळप मात्र लहान किंवा मुळीच नाही. ही शेवटची गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. तिच्याकडे पुन्हा यावं लागेल.

जुना रिवाज साधा होता. प्रत्येक वांढेची, म्हणजे वाडीची, आपापली झील आणि विरडे. चराई मात्र सगळ्यांची. दुष्काळात कळप उठून दुसरीकडे जायचे, दूरवर, फाळणीआधी थेट सिंधमध्ये. ती वाट १९४७ नंतर अरुंद झाली आणि १९६५ च्या युद्धानंतर बंदच पडली.

दोन खात्यांमधली जमीन

१९५५ मध्ये बन्नी 'संरक्षित वन' म्हणून जाहीर झाली. कायद्याप्रमाणे त्यानंतर कोणाचे काय हक्क आहेत याची चौकशी होऊन नोंद व्हायला हवी होती. ती झाली नाही. नावाने वन, ताबा महसूल खात्याचा, अशी चार दशकं गेली. १९९८ मध्ये कागदोपत्री वन खात्याकडे हस्तांतर झालं. गावांना महसुली हद्दी नाहीत, जमिनीला सर्व्हे नंबर नाहीत. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोट ठेवून भाऊ भावाशी भांडतो, इथे भांडायला उतारादेखील नाही.

याला मागासलेपण म्हणणारे बरेच भेटतील. मला ते इतकं सोपं वाटत नाही. कागद नव्हता म्हणून कुरण अखंड राहिलं, हे खरं. आणि कागद नव्हता म्हणून ते कुणीही बळकवावं अशा अवस्थेत राहिलं, हेही तितकंच खरं.

वेडी बाभूळ

१९६१ च्या सुमारास वन खात्याने बन्नीत प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा हे मूळ अमेरिकेतलं झाड लावायला घेतलं. रणाची खार पुढे सरकते आहे, तिला हिरव्या पट्ट्याने अडवायचं, असा हेतू. लागवड सुमारे ३१ हजार हेक्टरांवर झाली. सोलापूर-मराठवाड्याकडे हिला वेडी बाभूळ म्हणतात, कच्छमध्ये गांडो बावळ.

लावली तेवढ्यावर ती थांबली असती तर प्रश्न नव्हता. तिच्या शेंगा गोड. गुरं त्या आवडीने खातात, बी पचत नाही, शेणातून बाहेर पडतं आणि खतपाण्यासह रुजतं. म्हणजे खात्याने जिथे लावली नाही तिथे मालधाऱ्यांच्या कळपांनी लावली. त्याच काळात, कच्छच्या मधल्या डोंगरपट्ट्यातून उत्तरेला येणाऱ्या छोट्या नद्यांवर धरणं झाली. पुराचं गोडं पाणी बन्नीत पसरून खार धुऊन टाकायचं, ते कमी झालं. खारपड जमिनीत गवत हरलं आणि बाभूळ टिकली. पन्नासेक वर्षांत बन्नीचा निम्म्याहून अधिक भाग कमीजास्त दाट झाडीखाली गेला.

बन्नीची जुनी शान होती कांक्रेज गाय. तिचे बैल लांबलांबच्या शेतकऱ्यांना विकले जायचे, तूपही बाहेर जायचं. दोन गोष्टींनी हा धंदा बसला. गावोगाव ट्रॅक्टर आले आणि बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. दुसरं म्हणजे गवत कमी पडल्यावर गायी नुसत्या शेंगांवर राहू लागल्या. त्या त्यांना मानवत नाहीत. पोट बिघडतं, जनावर खंगतं, मरतं. म्हशीला शेंगा त्या मानाने पचतात. तेव्हा मालधाऱ्यांनी गाय कमी केली आणि म्हैस वाढवली. कुठल्याही योजनेविना एक अख्खा प्रदेश गायीवरून म्हशीवर गेला.

म्हैस

बन्नीची म्हैस ही या गोष्टीतली सर्वात हुशार पात्र आहे. शिंगं आत वळलेली, गुंडाळी पडलेली. संध्याकाळी दूध काढून झालं की कळप चरायला निघतो, बऱ्याचदा गुराख्याविनाच. रात्रभर चरत दहा-पंधरा किलोमीटर हिंडतो आणि पहाटे दूध द्यायला आपणहून वांढेवर परततो. दिवसाच्या उन्हात म्हशीला त्रास होतो, रात्री होत नाही. शिवाय कळपाला वाट माहीत असते, आणि वासरं घरी बांधलेली असतात. २०२२ च्या जागतिक दुग्ध परिषदेत पंतप्रधानांनी जगभरच्या पाहुण्यांना हीच गोष्ट सांगितली होती.

पण सरकारदरबारी या म्हशीला नाव नव्हतं. २००८ मध्ये मालधाऱ्यांनी आपली पशुपालक संघटना बांधली. त्यांच्या मागे भुजची 'सहजीवन' ही संस्था होती. त्याच सुमारास बन्नीत दरवर्षी पशुमेळा भरू लागला. जातीची मोजमापं, दुधाच्या नोंदी, वंशावळी गोळा झाल्या, आणि २०१० मध्ये बन्नी ही देशातली म्हशीची अकरावी जात म्हणून मान्य झाली. ही जात प्रयोगशाळेने घडवलेली नाही. निरक्षर म्हणून हिणवल्या जाणाऱ्या माणसांनी पिढ्यानपिढ्या रेडा निवडून ती घडवली, आणि सरकारकडून ते मान्य करून घेतलं. एका वेताला अडीच हजार लिटरच्या वर दूध, तेही विकतच्या खुराकावर फारसं न विसंबता.

मान्यतेने किंमत वाढवली. चांगल्या म्हशीचा भाव लाखाच्या वर गेला. दुसरीकडे, २००९ मध्ये कच्छ जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे सरहद डेअरी, उभा राहिला आणि दूध थंड करायची सोय गावांजवळ आली. तोवर दूध टिकत नाही म्हणून त्याचा मावा आटवून पडेल त्या भावाने विकावा लागायचा. आता रोजचं दूध रोज मोजलं जाऊ लागलं, हिशोब ठरावीक दिवसांनी हाती येऊ लागला.

इथपर्यंत ही यशोगाथा आहे, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. दूध रोज विकायचं तर म्हैस रोज दुधावर हवी, आणि घर संकलन केंद्राच्या आवाक्यात हवं. दुष्काळात कळप घेऊन दूर जाणं ही या लोकांची जुनी ताकद. दर पंधरवड्याला पैसे देणारी डेअरी दारात आली की ते जाणं महाग पडतं. माणसं एका जागी बसली. एका जागी बसलेल्या माणसाला पाच-सहा म्हशींसाठी घराजवळ हक्काचा चारा हवासा वाटणं साहजिक होतं.

नांगर

बन्नीत नांगर कधी फिरलाच नव्हता असं नाही, पण शेती अशी नव्हती. या शतकात, विशेषतः चांगल्या पावसाच्या वर्षांत, तुकडे पडू लागले. आधी बाभूळ तोडायची, मुळं काढायची, तोडलेल्या काट्यांचंच कुंपण घालायचं आणि आत गवार, एरंड, ज्वारीसारखं काही पेरायचं.

यामागे हाव होतीच. पण मला यात भीती जास्त दिसते. आपल्या देशात चराईने ताबा सिद्ध होत नाही, नांगराने होतो. शंभर वर्षं एखाद्या माळावर गुरं चारली तरी कागदावर ती जमीन 'पडीक' असते. तीन वर्षं पेरलं की 'कसणारा' म्हणून नाव लागायची आशा निर्माण होते. त्यात २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये करसवलतींमुळे कारखाने आले, जमिनीचे भाव चढले. बन्नीतल्याच धोरडो गावी रणोत्सवाचे, म्हणजे पर्यटकांसाठीच्या मेळ्याचे, तंबू उभे राहू लागले. उद्या ही जमीन खात्याची, कंपनीची की तंबूवाल्याची होईल याची खात्री नसेल तर माणूस आज कुंपण घालून ठेवतो. पहिल्याने घातलं की दुसरा मागे राहत नाही. राहील तो मूर्ख ठरतो.

यात बाभळीने आणखी एक गुंता केला. २००४ मध्ये सरकारने वेडी बाभूळ तोडून कोळसा करायला मुभा दिली. अट अशी की झाड मुळासकट काढायचं. कोळशाच्या भट्ट्या पेटल्या, ट्रक लागले, गरिबांच्या हाती रोख पैसा आला. पण मुळं काढायला कष्ट जास्त आणि दाम तेवढाच, म्हणून बुंधे राहिले आणि त्यांतून बाभूळ दुप्पट दाट फुटली. देशी झाडंही भट्टीत गेली. २००८ मध्ये बंदी परत आली, चोरटा कोळसा मात्र राहिला. जिथे मुळासकट बाभूळ खरोखर निघाली, तिथे मोकळी झालेली जमीन गवताला मिळेलच असं नव्हतं. ज्याने घाम गाळून काढली त्याला ती आपली वाटू लागली.

आता रात्रीच्या म्हशीकडे परत या. कळप अंधारात आपल्या वाटेने निघतो. वाटेत नवं कुंपण, आत हिरवं पीक. म्हशीला ते कुणाचं आहे हे कळायचं कारण नाही. सकाळी पेरणाऱ्याचं नुकसान, म्हशीवाल्याशी भांडण, नुकसानभरपाई, कधी म्हैस अडकवून ठेवणं. हे टाळायचं तर रात्री कळपासोबत माणूस पाठवा किंवा म्हैस बांधून चारा विकत आणा. दोन्हींनी बन्नीच्या म्हशीचा सगळा हिशोब मोडतो. तिचं दूध स्वस्त पडतं ते ती स्वतःच्या पायांनी जाऊन फुकटचं गवत खाते म्हणून. गोठ्यात बांधली तर ती मेहसाणी किंवा मुऱ्हा या गोठ्यातल्या जातींशी बरोबरी करायला जाईल, आणि त्या शर्यतीत तिला मुद्दाम धाडायचं कारण नाही.

आपल्याकडे कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण आहे. इथे कुंपण कुरण खातं, आणि तेही क्षेत्रफळापेक्षा पुष्कळ जास्त. अडवलेला तुकडा दहा एकरांचा असला, तरी तो झिलीकडे जाणाऱ्या वाटेवर असेल तर पलीकडची शंभर एकरं कळपाच्या हातून जातात. किती हेक्टर अतिक्रमण झालं याचे आकडे म्हणून दिशाभूल करतात. कुठे झालं हे विचारायला हवं.

खात्याचं कुंपण

२००९ मध्ये वन खात्याने बन्नीसाठी कार्य आराखडा आणला. प्रदेशाचे भाग पाडायचे, पाळीपाळीने एकेक बंद करायचा, बाभूळ काढायची, गवत वाढू द्यायचं. मालधाऱ्यांनी विरोध केला. 'बन्नी को बन्नी रहने दो' ही घोषणा त्या वेळची.

खात्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती. बाभूळ काढून काही काळ चराई थांबवली तर गवत परत येतं, हे बन्नीतल्या संशोधन-तुकड्यांवरही दिसलं आहे. पण तुकड्यावर जे खरं ते अडीच हजार चौरस किलोमीटरवर जसंच्या तसं लावता येत नाही. नेमका बंद केलेला भागच त्या वर्षी पावसाचा निघाला तर कळपांनी काय करायचं? पावसाला तुमच्या पाळीपत्रकाची माहिती नसते. आणि साठच्या दशकात ज्यांनी बाभूळ लावली तेच आता ती काढायचा कार्यक्रम घेऊन आले, तेव्हा लोकांचा विश्वास बसला नाही, यात लोकांचा दोष दिसत नाही.

संघटनेने दुसरी वाट धरली: २००६ चा वनहक्क कायदा. यात चराईचा हक्क, फिरत्या पशुपालकांचा हंगामी वापर, आणि सामूहिक वनाचं रक्षण व व्यवस्थापन करायचा हक्क, तिन्ही लिहिलेले आहेत. अडचण वेगळी होती. मालधारी अनुसूचित जमातीत येत नाहीत. त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करावा लागतो, आणि त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. ज्या गावांना हद्दच नाही त्यांनी पुरावा कुठून आणायचा? जुन्या कागदपत्रांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या साक्षींपर्यंत सगळं गोळा करून वनहक्क समित्यांनी दावे भरले. २०२१ चा निकाल लागला तेव्हाही हक्कपत्रं हाती पडलेली नव्हती.

गडचिरोलीतल्या मेंढालेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, हे मराठी वाचकाला माहीत आहे. पण मेंढा हे एक गाव, त्याची ग्रामसभा एक, त्याचं जंगल एक. बन्नीत पन्नासेक वस्त्या आणि एकच कुरण. प्रत्येक गावाला आपापला तुकडा आखून दिला, तर सामूहिक हक्काच्या नावानेच कुरणाच्या वाटण्या होतील. मालधाऱ्यांचं म्हणणं म्हणून असं की बन्नी एकत्र राहू द्या. कायद्याची भाषा गावाच्या हद्दीची, कळपाची भाषा पावसाची. यांची सांगड घालणं हे लवादाच्या एका आदेशाने होण्यासारखं काम नाही.

निकाल, आणि त्याच्या कडेची माणसं

२०१८ मध्ये संघटना लवादात गेली. जुलै २०१८ मध्ये अंतरिम आदेश आला: बन्नीत वनेतर काम नको. मग पाहणी, समित्या, अहवाल, आणि २०२१ चा अंतिम निकाल. अतिक्रमणं काढायच्या आदेशासोबत लवादाने हेही नोंदवलं की वनहक्क कायद्याखाली हे सामूहिक वन राखायचा आणि सांभाळायचा मालधाऱ्यांचा हक्क कायम राहील. अतिक्रमण काढताना मालधाऱ्यांनाच अतिक्रमक ठरवून टाकायची सोय या ओळीने बंद केली. माझ्या मते निकालातला सर्वात मोलाचा भाग तोच.

या विजयाकडे महाराष्ट्रातून पाहताना मात्र थोडं सावध व्हावं लागतं. गायरानावरच्या अतिक्रमणाला आपल्याकडे दुसराही इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि गायरान जमिनी कसायला द्या, अशी दलित भूमिहीनांची मागणी होती. गायरान 'गावाचं' म्हणताना गाव कुणाचं, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. ज्याच्या दावणीला जनावरच नाही त्याला गायरानाच्या सामायिकपणाचा उपयोग काय?

बन्नीत हा प्रश्न जसाच्या तसा लागू होत नाही. इथे तुकडे अडवणारे सगळे भूमिहीन नव्हते. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आणि वट त्याचं कुंपण मोठं, अशीच स्थिती जास्त. पण कुरणावरचा हक्क कळपाच्या आकाराप्रमाणे आपोआप वाटला जातो, हेही खरं. शंभर म्हशींवाला आणि दोन म्हशींवाला दोघेही 'मालधारी'. मेघवाळ किंवा वाढा कोळी घराला कुरणातून मिळणारं उत्पन्न कोळसा, सरपण आणि मजुरीचं. वेडी बाभूळ सगळी उपटून काढली तर कळपवाल्याचं गवत वाढेल आणि भट्टीवाल्याची चूल विझेल. संघटनेच्या कामाबद्दल मला आदर आहे, तरी 'समुदाय' हा शब्द एवढ्या सहजपणे वापरला गेला की मी थबकतो. पर्यटनाचा पैसाही असाच वाटला गेला आहे. होडकोसारख्या गावाने स्वतः चालवलेलं निवासस्थान आहे, भरतकामाला गिऱ्हाईक मिळालं, २०२३ मध्ये धोरडोला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन-गाव ठरवलं. ते रस्त्याच्या कडेच्या गावांना फळलं. आतल्या वांढांपर्यंत किती पोचलं ते तिथे जाऊनच विचारावं.

दरम्यान नवं कुंपण आलंच. २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारने बन्नीत चित्त्यांच्या संवर्धन-प्रजनन केंद्राला मंजुरी दिली. कच्छमध्ये एकेकाळी चित्ता होता, आणि गवताळ प्रदेश म्हणून बन्नीकडे कुणाचं तरी लक्ष गेलं हे चांगलंच. एरवी आपल्या देशात गवत म्हणजे झाड लावायची रिकामी जागा. पुणे-सोलापूरच्या माळरानांवर रोपवनं झाली आणि धनगरांच्या वाटा अडल्या, त्यामागची समजूत हीच. पण चित्त्याचं प्रजनन केंद्रही कुंपणाच्या आतच चालतं, आणि ते कुंपण कोणत्या झिलीच्या, कोणत्या वाटेच्या आड येतं, याची चर्चा मालधाऱ्यांशी करायची की त्यांना नुसतं कळवायचं, यावर बरंच ठरेल.

हक्कपत्रं मिळाली की वनहक्काच्या नियमांप्रमाणे प्रत्येक ग्रामसभेला आपली व्यवस्थापन समिती नेमावी लागते. त्या समित्यांपुढचं काम लवादापुढच्या खटल्याहून कठीण आहे. बाभूळ कुठल्या झिलीभोवतीची आधी काढायची. कोळशाचा पैसा तोडणाऱ्याचा, गावाचा की सगळ्या बन्नीचा. दुष्काळात दुसऱ्या वांढेचा कळप आला तर किती दिवस थांबू द्यायचा. ज्या चुलतभावाचा एरंडाचा तुकडा आदेशाने मोकळा केला, त्याच्याकडे म्हैस नसेल तर त्याने काय करायचं. जुन्या रिवाजात यांतल्या एका प्रश्नाचं उत्तर होतं, पाहुण्या कळपाच्या. बाकीच्या तिघांची उत्तरं बाभूळ, डेअरी आणि नांगर आल्यानंतरच्या बन्नीत नव्याने ठरवायची आहेत, आणि ती ठरवायला बसणाऱ्यांत मेघवाळ आणि कोळी किती असतील ते अजून ठरलेलं नाही.